झिनिया: बी पेरण्यापासून बी धरण्यापर्यंत

झिनियाचे बी ऊबदार मातीत पडले की चार ते सात दिवसांत वर येते आणि दोन-सव्वादोन महिन्यांत रोपाला पहिले फूल लागते. ज्याने यापूर्वी कधी बी पेरलेले नाही अशा माणसालाही हे फूल साधते, म्हणूनच हंगामी फुलझाडांची सुरुवात झिनियापासून करावी असे सांगितले जाते. या सल्ल्यात चूक काही नाही. मात्र तो पहिल्या फुलापाशी थांबतो. त्यानंतर महिनाभरात खालची पाने पांढरी पडतात, मग तपकिरी होऊन वाळतात, उंच झालेले झाड बुंध्याकडून उघडे पडते, फुले लहान होत जातात आणि हंगाम अर्धा शिल्लक असताना वाफा उपटून टाकावा लागतो, हा अनुभव झिनिया लावणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. माझ्याही वाट्याला सुरुवातीची काही वर्षे तो आला. झिनिया उगवणे सोपे आहे. ती शेवटच्या फुलापर्यंत निरोगी ठेवणे हे खरे काम आहे. दोन झाडांमधील अंतर, पाणी नेमके कोठे पडते आणि कात्री किती नियमितपणे चालते, या तीन गोष्टींवर त्या कामाचा बहुतांश भाग अवलंबून असतो. म्हणून या लेखात पेरणीपेक्षा त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

झाडाचा मूळ स्वभाव

झिनिया ही सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती असून तिचे मूळ स्थान मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा कोरडा, उघडा, भरपूर उन्हाचा प्रदेश आहे. वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनीअसने 1759 साली या प्रजातीला गॉटिंगेन येथील शरीररचनाशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ योहान गॉटफ्रीड झिन याचे नाव दिले. झिन त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला. डोळ्यातील भिंग जागेवर धरून ठेवणाऱ्या तंतूंनाही त्याचेच नाव आहे.

आपण ज्याला झिनियाचे एक फूल म्हणतो ते प्रत्यक्षात अनेक लहान फुलांचे स्तबक असते. बाहेरच्या रंगीत पाकळ्या म्हणजे किरणपुष्पके आणि मधल्या चकतीतील पिवळे ठिपके म्हणजे बिंबपुष्पके. पाने देठाशिवाय, समोरासमोरच्या जोड्यांनी येतात आणि पुढची जोडी मागच्या जोडीशी काटकोन करून असते. पानांचा पृष्ठभाग खरखरीत असतो. पानांची ही मांडणी लक्षात ठेवावी, कारण शेंडा कोठे खुडायचा आणि फूल कोठून कापायचे हे तिच्यावरूनच ठरते.

बागेत प्रामुख्याने तीन जाती आणि त्यांचे संकर लावले जातात. झिनिया एलेगन्स ही सर्वांत परिचित जात. तिचे बुटके वाण वीत-दीड वीत उंचीचे असतात, तर मोठ्या फुलांचे उंच वाण मीटरभर वाढतात. फुलदाणीसाठी हेच वाण घ्यावेत. मात्र भुरी (पानांवर येणारी पिठासारखी पांढरी बुरशी) आणि पानांवरील ठिपके यांना सर्वाधिक बळी पडते तीही हीच जात. झिनिया अँगुस्टिफोलिया अरुंद पानांची, पसरट, लहान एकेरी फुलांची आणि रोगाला दाद न देणारी आहे. झिनिया हागेआना हिची लहान फुले पुष्कळदा लाल आणि पिवळा असे दोन रंग एकत्र धारण करतात, आणि तीही बरीच काटक असते. एलेगन्स आणि अँगुस्टिफोलिया यांच्या संकरातून तयार झालेली प्रोफ्युजन ही वाणमालिका 1990 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. तिची फुले मध्यम आकाराची असली तरी झाड आटोपशीर राहते आणि रोग कमी येतो. आपल्याकडील हवा सदैव दमट असेल, किंवा जागेवर वारा खेळत नसेल, तर उंच एलेगन्सचा हट्ट न धरता अँगुस्टिफोलिया किंवा हा संकर लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाणाची निवड चुकली तर नंतरच्या कोणत्याही काळजीने ती पूर्णपणे भरून निघत नाही.

जागा, माती आणि वेळ

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा हवी. आठ तास मिळाले तर अधिक चांगले. सावलीत झिनिया जगते, पण दोन पेरांमधील अंतर वाढून खोड लेचेपेचे होते आणि फुले तुरळक येतात. सकाळचे ऊन दुपारच्या उन्हापेक्षा महत्त्वाचे मानावे, कारण रात्रीचे दव पानांवरून लवकर वाळवण्याचे काम तेच करते. भिंतीच्या अगदी कडेला किंवा दाट कुंपणाच्या आडोशाला वाफा करू नये.

माती फार सुपीक असण्याची गरज नाही, परंतु पाण्याचा निचरा उत्तम हवा. खोदलेल्या जागी पाणी घालून पाहावे. ते तासाभरानंतरही साचून राहत असेल तर जमिनीपेक्षा 15 ते 20 सेंटिमीटर उंच गादीवाफा करावा. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचा आकडा) साधारण 5.5 ते 7.5 या दरम्यान चालतो. पेरणीपूर्वी पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट दोन ते तीन बोटे जाडीचा थर पसरून वरच्या वीतभर मातीत मिसळावे, एवढे पुरेसे आहे. अर्धवट कुजलेले खत घालू नये. कुंडीत लावायचे असल्यास बुटका वाण निवडावा आणि कुंडी किमान 20 ते 25 सेंटिमीटर खोल असावी.

झिनियाला थंडी सोसत नाही. जेथे हिमतुषार पडतात तेथे शेवटचे हिमतुषार होऊन गेल्यावर, माती 18 अंश सेल्सिअसच्या वर गेल्यानंतरच पेरणी करावी. घाईने थंड मातीत पेरलेले बी कुजते. उगवले तरी रोप दीर्घकाळ खुंटलेले राहते आणि दोन-तीन आठवडे उशिरा पेरलेली रोपे त्याला गाठून पुढे जातात. जेथे कडाक्याची थंडी पडतच नाही तेथे विचार थंडीचा न करता पावसाचा करावा: फुलण्याचा काळ संततधारेत सापडणार नाही अशा बेताने पेरणीचा दिवस ठरवावा. दिवस लहान असण्याच्या काळात झिनिया लवकर फुलते आणि झाडही बुटके राहते, हे वाण निवडताना ध्यानात घ्यावे.

पेरणी आणि विरळणी

झिनियाला मुळे हललेली आवडत नाहीत, म्हणून शक्य तेथे बी थेट जागेवर पेरावे. वाफा आदल्या दिवशी भिजवून घ्यावा. सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर खोलीची रेघ ओढून तिच्यात पाच-सहा सेंटिमीटर अंतराने एकेक बी ठेवावे आणि बारीक मातीने हलके झाकावे. बी उगवेपर्यंत वरचा थर सुकू देऊ नये, पण चिखलही होऊ देऊ नये. मातीचे तापमान 21 ते 27 अंशांच्या दरम्यान असेल तर उगवण एकसारखी होते.

रोपे आधी तयार करायची असल्यास प्रत्येक कप्प्यात एक बी या हिशेबाने तळाला छिद्रे असलेल्या तबकात पेरावे. त्यासाठी बागेतील माती वापरू नये. कोकोपीट आणि चाळलेले कंपोस्ट यांचे मिश्रण ठीक राहते. तीन ते चार आठवड्यांत रोपे लावणीयोग्य होतात. त्याहून जास्त काळ ती कप्प्यात अडकली तर मुळे गोल फिरतात, कोवळे रोपच कळी धरते आणि जमिनीत लावल्यावर अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. लावणीपूर्वी आठवडाभर रोपे रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवून त्यांना ऊन-वाऱ्याची सवय लावावी. लावताना मातीचा गोळा फुटू देऊ नये आणि रोप कप्प्यात जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवावे.

थेट पेरलेल्या रोपांना खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की विरळणी करावी. या टप्प्यावर मन कठोर करावे लागते. उगवलेले प्रत्येक रोप निरोगी आणि टवटवीत दिसत असते, त्यांतील निम्म्याहून अधिक काढून टाकणे जिवावर येते, आणि वाफा भरगच्च दिसावा अशीही इच्छा असते. पण त्या वेळी राखलेले अंतरच दोन महिन्यांनंतर पानांमधून वारा खेळवते. उंच वाणांसाठी दोन रोपांत 25 ते 30 सेंटिमीटर, बुटक्यांसाठी 15 ते 20 सेंटिमीटर अंतर ठेवावे. हवा दमट असेल तर दोन्ही आकड्यांत पाचेक सेंटिमीटरची भर घालावी. नको असलेली रोपे उपटू नयेत, शेजारच्या रोपाची मुळे हलतात; लहान कात्रीने जमिनीलगत कापावीत.

एकाच दिवशी सर्व बी पेरण्याऐवजी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा पेरल्यास फुले दीर्घकाळ मिळतात, आणि पहिला वाफा थकला तरी दुसरा भरात असतो.

पाणी

झिनियाच्या बाबतीत पाणी किती द्यायचे याइतकाच ते कोठे द्यायचे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाणी बुंध्याशी, मातीवर द्यावे. पानांवर झारीने किंवा फवाऱ्याने पाणी घालणे ही या झाडाच्या बाबतीत होणारी सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती हौसेने, झाड ताजे दिसावे म्हणून केली जाते. पानांवरील ठिपक्यांचे रोग ओल्या पानावरच रुजतात आणि उडणाऱ्या थेंबांबरोबर एका पानावरून दुसऱ्यावर जातात. ठिबकची नळी असेल तर उत्तम. नसेल तर झारीचे तोटीवरचे जाळे काढून तोटी बुंध्याजवळ टेकवून पाणी सोडावे.

पाण्याची वेळ सकाळची ठेवावी, म्हणजे चुकून उडालेले पाणी दिवसभरात वाळते. संध्याकाळी भिजलेले पान रात्रभर ओले राहते. रोपे लहान असताना वरचा थर सुकला की पाणी द्यावे. झाडे रुजल्यावर मात्र बोट मातीत दोन पेरे खोल घालून पाहावे आणि तेथपर्यंत माती कोरडी लागली तरच भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोलवर दिलेले पाणी मुळांना खाली नेते. कुंडीतील झाडांना अर्थातच अधिक वेळा पाहावे लागते. भर दुपारी पाने थोडी मलूल दिसली म्हणून लगेच पाणी घालू नये; संध्याकाळी ती आपोआप ताठ होत असतील तर मातीत ओल आहे असे समजावे.

अतिरिक्त ओल आणि कोंडलेली हवा झिनियाचे काय करतात याचे उदाहरण पृथ्वीबाहेरचेही आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नोव्हेंबर 2015 मध्ये झिनियाची रोपे वाढवण्याचा प्रयोग सुरू झाला. डिसेंबरात पानांवर पाणी जमू लागले, पाने वळू लागली आणि पुढे त्यांवर बुरशी आली. अंतराळवीर स्कॉट केली यांनी बाधित भाग काढून टाकला, हवा खेळवणाऱ्या पंख्याचा वेग वाढवण्यात आला, आणि पाणी ठरलेल्या वेळापत्रकानुसार न देता रोपांकडे पाहून देण्याचा निर्णय केली यांच्यावर सोपवण्यात आला. काही रोपे गेली. जी वाचली त्यांतील एकाचे उमललेले केशरी फूल जानेवारी 2016 मध्ये साऱ्या जगाने छायाचित्रात पाहिले. आपल्या वाफ्यात पंखा नसतो. त्याचे काम झाडांमधील अंतराने करायचे असते.

रोपे वीतभर झाली की बुंध्याभोवती वाळलेले गवत किंवा पालापाचोळा यांचे पाच सेंटिमीटर जाडीचे आच्छादन पसरावे, पण खोडापासून ते दोन-तीन बोटे दूर ठेवावे. मातीचे कण पानांवर उडणे त्यामुळे थांबते आणि तणही कमी येते.

शेंडा खुडणे, खत आणि आधार

उंच वाणाचे रोप 20 ते 30 सेंटिमीटरचे झाले आणि त्याला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की तिसऱ्या किंवा चौथ्या जोडीच्या लगेच वर शेंडा कापावा. मधली कळी दिसू लागलेली असली तरी तीही जाऊ द्यावी. कापलेल्या जागेखालच्या प्रत्येक पानाच्या बगलेतून कोंब फुटतो, म्हणजे एका खोडाऐवजी चार ते सहा फुलणाऱ्या फांद्या मिळतात. पहिले फूल आठवडा-दोन आठवडे लांबते, पण त्याची भरपाई पुढे अनेकपटींनी होते. बुटके आणि पसरणारे वाण स्वतःच फांद्या काढतात. त्यांना हे करावे लागत नाही.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. सुरुवातीला मिसळलेले कंपोस्ट सामान्य मातीत बहुधा पुरते. कुंडीत किंवा फार हलक्या मातीत तीन-चार आठवड्यांतून एकदा सौम्य, संतुलित द्रवखत द्यावे. नत्र जास्त झाले तर पाने मोठी आणि कोवळी होतात, फुले मागे राहतात आणि त्या कोवळ्या पानांवर मावा आणि भुरी दोन्ही लवकर येतात.

मीटरभर उंचीच्या वाणांना वाऱ्याच्या जागी आधार लागतो. वाफ्याच्या चार कोपऱ्यांना काठ्या रोवून झाडे गुडघाभर असतानाच जमिनीपासून फूट-दीड फुटावर सुतळीचे आडवे-उभे चौकोन बांधावेत. झाडे त्यांतून वर येतात. खोड पोकळ असल्यामुळे एकदा आडवे पडलेले झाड ओढून सरळ करताना हमखास मोडते, म्हणून हे काम आधी करावे.

रोग ओळखणे आणि आवरणे

पानावर पिठासारखे पांढरे डाग दिसले तर ती भुरी. हे डाग बोटाने पुसले जातात. भुरीला ओले पान लागत नाही. दमट, स्तब्ध हवा आणि दाट सावली एवढे तिला पुरते, त्यामुळे पावसाचा थेंब न पडताही ती येते. तांबूस-तपकिरी, मध्यभागी करडे होत जाणारे गोलसर ठिपके पानांवर आणि पाकळ्यांवरही आले तर तो अल्टरनेरिया बुरशीचा करपा होय. ठिपके शिरांनी अडवलेले, कोनदार आणि भोवती पिवळसर वलय असलेले असतील तर बहुधा जिवाणूजन्य रोग आहे. शेवटचे दोन्ही रोग ओलाव्यावर वाढतात आणि बियांतूनही येऊ शकतात.

उपाय तिन्हींचा एकाच ठिकाणी सुरू होतो. दिसलेले पहिले पान त्याच दिवशी काढून वाफ्याबाहेर न्यावे, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. झाडाची खालची, जमिनीला टेकलेली पाने आधीच काढून टाकावीत. गर्दी वाटली तर मधली एखादी फांदी किंवा सबंध झाडच कमी करावे. आणि झाडे ओली असताना वाफ्यात काम करू नये, कारण हाताने आणि कात्रीनेही रोग पसरतो. भुरी सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर पाण्यात मिसळणारे गंधक किंवा निंबोळी तेल लेबलवर सांगितलेल्या प्रमाणात फवारता येते. मात्र दोन्ही एकत्र किंवा पाठोपाठ फवारू नयेत, त्यांत किमान दोन आठवडे जावेत. आणि तापमान 30 अंशांच्या वर असताना फवारणी टाळावी, अन्यथा पाने भाजतात. फवारणी मधमाश्या येत नाहीत अशा वेळी करावी. निम्मे झाड पांढरे झाल्यावर फवारण्यात अर्थ नसतो. ते काढून पुढच्या पेरणीकडे लक्ष द्यावे.

किडींपैकी मावा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन निघतो. हे काम सकाळीच उरकावे. उष्ण, कोरड्या हवेत लाल कोळी येतो आणि पाने बारीक ठिपक्यांनी फिकी पडतात. कोवळी रोपे रात्रीत कुरतडली जात असतील तर गोगलगायी शोधाव्यात आणि अंधार पडल्यावर वेचून काढाव्यात.

फुले कापणे

झिनियाची फुले कापणे हा तिच्या निगराणीचाच भाग आहे. झाडावर फूल वाळून बी धरू लागले की नव्या कळ्या मंदावतात. कापत राहिले तर नवी फूट येत राहते. वाळलेले फूल नुसते मुंडीपाशी खुडू नये, खाली येऊन पानांच्या जोडीच्या लगेच वर कापावे, म्हणजे तेथून दोन नव्या फांद्या निघतात.

फुलदाणीसाठी फूल नेमके केव्हा कापायचे हे नुसत्या रंगावरून कळत नाही. फुलाच्या खाली सुमारे 20 सेंटिमीटरवर देठ दोन बोटांत धरून हलकेच हलवावा. मान लवली तर फूल कोवळे आहे. देठ काठीसारखा ताठ राहिला तर ते तयार आहे. कोवळे कापलेले झिनियाचे फूल पाण्यात पुढे उमलत नाही, मान टाकते. कापणी दव वाळल्यावर सकाळीच करावी, खालची पाने काढावीत आणि देठ लगेच स्वच्छ पाण्यात ठेवावेत. हे पाणी लवकर गढूळ होते, म्हणून ते रोज बदलून देठाचे टोक थोडे छाटावे. अशी फुले पाच ते सात दिवस टिकतात. त्यांना शीतकपाटात ठेवू नये, थंडीने पाकळ्या खराब होतात.

बी धरणे

बी धरण्यासाठी हंगामाच्या मध्यास सर्वांत निरोगी झाडे निवडून त्यांवरील काही उत्तम फुले कापायची सोडावीत. फूल पूर्ण तपकिरी होऊन देठही वाळला की कोरड्या दिवशी ते काढावे आणि आणखी आठवडाभर सावलीत कागदावर पसरावे. नंतर मुंडी हातांत चुरली की दोन प्रकारचे बी मिळते: पाकळीच्या बुडाशी चिकटलेले जाडसर आणि मधल्या चकतीतले चपटे, टोकाला खाच असलेले. दोन्ही उगवतात. नखाने दाबून पोकळ लागणारे बी टाकून द्यावे.

मधमाश्या आणि फुलपाखरे एका झाडावरून दुसऱ्यावर जात असल्याने जवळजवळ लावलेल्या वाणांचे संकर होतात आणि त्या बियांतून रंग-आकार वेगळे निघू शकतात. संकरित वाणांच्या बियांचेही तसेच असते. मला अशा मिश्र वाफ्याचे आकर्षण वाटते, परंतु विशिष्ट रंगच हवा असेल तर त्या जागी एकच वाण लावावा किंवा दरवर्षी नवे बी घ्यावे. ठिपके आलेल्या झाडाचे बी, फूल कितीही सुंदर असले तरी, ठेवू नये. वाळलेले बी कागदी पाकिटात घालून त्यावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे आणि पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावे. असे बी तीन ते पाच वर्षे उगवते. जुन्या पाकिटाबद्दल शंका असेल तर दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून ऊबदार जागी आठवडाभर ठेवाव्यात. सातापेक्षा कमी बियांना मोड आले तर त्या प्रमाणात पेरणी दाट करावी.